आपला नवा कारखाना

१

शेवटची स्लाइड पडद्यावर आली तेव्हा गादी कंपनीचे अध्यक्ष अर्धवट झोपेत होते. गाद्या बनवणाऱ्या माणसाला ते शोभूनही दिसत होतं. सल्लागार कंपनीचा तरुण प्रतिनिधी पडद्यासमोर उभा राहून रेशमासारखं बोलत होता. त्याला त्याच्या ऑफिसात सगळे टॉपर म्हणत, आणि तोही ते टोपणनाव आहे हे विसरला होता. प्रतिस्पर्धी येत्या हंगामात काय करील याचा 'आमचा अभ्यासपूर्ण अंदाज' तो मांडत होता. संचालक माना डोलावत होते. अंदाज फारच अभ्यासपूर्ण होता.

अध्यक्षांनी डोळे किलकिले करून शेवटची ओळ वाचली. मग शेजारच्या संचालकाच्या कानाशी लागून विचारलं, "आपला नवा कारखाना कुठे आहे हो? मला कुणी बोललं नाही."

शेजारच्यालाही माहीत नव्हता. त्याच्या शेजारच्यालाही. माहीत नसणं साहजिक होतं, कारण त्यांच्याकडे नवा कारखाना नव्हताच. तो होता बाजारातल्या दुसऱ्या गादी कंपनीकडे, म्हणजे ज्या प्रतिस्पर्ध्याचा अंदाज चालला होता त्याच्याकडे. अध्यक्षांची झोप पुरती उडाली. हा अंदाज नव्हे, हे दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडून आणलेलं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्याचं आज इथे आलं, तर आपलं उद्या तिथे जाणार, हेही आलं. त्यांनी टॉपरला खोलीबाहेर घालवलं, स्लाइड वकिलाच्या ताब्यात दिली आणि सल्लागारांना निरोप धाडला की हे कुणी केलं ते कळवा, नाहीतर कोर्टात भेटू.

आता थोडं त्या सल्लागार ऑफिसाविषयी. दोन्ही गादी कंपन्या त्यांच्याच गिऱ्हाईक होत्या. ऑफिसात या अध्यक्षांच्या कंपनीला जुनी गादी म्हणत, दुसरीला नवी. दोघींना एकमेकींवर मात कशी करावी याचा सल्ला एकाच छपराखाली, दोन वेगळ्या टीमकडून विकला जाई. दोन टीमच्या मधे 'भिंत' आहे, असं दोन्ही गिऱ्हाइकांना शपथेवर सांगितलेलं होतं. भिंत विटांची नव्हती, तत्त्वाची होती. आणि तत्त्वाच्या भिंतीला दार ठेवायला परवानगी लागत नाही. ज्या खोलीत सगळ्या टीमच्या स्लाइड बनत ती खोली दोन्हीकडचं काम करी. ती वरच्या मजल्यावर होती, तरी तिला सगळे तळघर म्हणत, कारण तिला खिडकी नव्हती.

दुपारच्या जेवणाआधी चोर सापडला. जिचं नाव कुठल्याच अहवालावर कधी छापलं जात नाही, तिचं नाव चौकशीत पहिलं येतं. तळघरातल्या एका मुलीने त्या आठवड्यात दोन्ही गाद्यांची कामं केली होती. वादग्रस्त स्लाइडही मुळात तिच्याच हातची. तिचं ओळखपत्र काढून घेतलं, तिला खाली दारापर्यंत सोडायला एक पहारेकरी दिला आणि चौकशीच्या दिवशी घरचं एक माणूस सोबत आणता येईल असं मोठ्या मनाने कळवलं.

घरचं माणूस म्हणून ती कुणाला आणणार आहे याची त्यांना कल्पना असती, तर नियमच बदलला असता.

२

मुलीची आत्या आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासत होती. गोदाम जळालं की मालक रडत, आणि आत्या राखेतून फिरून सांगे की आग लागली की लावली. निवृत्त झाल्यावर तिच्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून ती नातेवाइकांच्या लग्नांत जेवणाचा अंदाज का चुकला हे तपासत असे. भावाचा फोन आला तशी ती पिशवी घेऊन निघाली.

घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हती. भाऊ एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, की एवढ्या नावाजलेल्या कंपनीत असं कसं झालं. गेली काही वर्षं त्याने ते नाव कॉलनीभर मिरवलं होतं. मुलगी कुठे असते विचारलं की त्याची छाती फुगे, आणि काय करते विचारलं की त्याला खोकला येई.

आत्याने भाचीला समोर बसवून विचारलं, की बाई गं, मुळात तू तिथे करतेस काय, आणि का करतेस. भाचीने सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. पगार वेळेवर होतो. घरच्यांसकट सगळ्यांचा विमा आहे. सल्लागारांसारखं बॅग घेऊन गावोगाव फिरावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शिकायला मिळतं. गाद्या, औषधं, जहाजं, दूध, कुठलाही धंदा आतून कसा चालतो ते तिला त्या धंद्यातल्या मालकांइतकंच कळतं. गुंतागुंतीचा विचार एका चित्रात मावला की तिला जो आनंद होतो तो तिला कुठेच दुसरीकडे मिळाला नव्हता. हे सांगताना ती रडायची थांबली होती.

मग उरलेली बाजू. सल्लागार हे कमाईच्या खात्यात असतात, तळघर खर्चाच्या. म्हणून बढती नावाची गोष्ट तळघरापर्यंत पोहोचत नाही, जिना वेगळा आहे. 'दोन मिनिटांचं काम आहे' असं म्हणून जे देतात त्याला दिवस जातो. काम फत्ते झालं की 'टीम' जेवायला जाते आणि तळघराला उरलेला केक येतो. केक चांगला असतो, असं भाचीने प्रामाणिकपणे सांगितलं.

"आणि काम फसलं की?" आत्याने विचारलं.

"तेव्हा आम्ही टीममध्ये असतो."

भाची घाबरली होती ती नोकरी जाण्याला नव्हे. तिच्या कागदांवर 'विश्वासघात' हा शब्द बसणार होता, आणि या धंद्यात सगळी ऑफिसं एकमेकांना विचारून माणसं घेतात. एकदा तो शब्द बसला, की जे एकच काम तिला मनापासून येतं आणि आवडतं, ते तिला कुणीही देणार नव्हतं.

आत्याने एवढंच विचारलं, "केलंस का?"

"नाही."

"बरं," आत्या म्हणाली, आणि वहिनीला बाहेर बोलावून चहा टाकायला सांगितलं.

३

चौकशी सकाळी सुरू झाली. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी दोघींना काचेच्या खोलीत बसवलं. भिंतीवर 'आमची माणसं हीच आमची संपत्ती' असं लिहिलेलं होतं. आत्याने ते वाचलं आणि संपत्ती कशी विकतात, गहाण टाकतात आणि मोडीत काढतात हे विम्यात पाहिलेलं तिला आठवलं.

नियमाप्रमाणे आरोपीला पुरावा दाखवायला हवा होता. बाईंनी जुन्या गादीच्या वकिलाकडून आलेला त्या स्लाइडचा फोटो पाकिटातून काढला. फोटो फक्त आपल्याकडे आहे, वकिलाची तशी अटच आहे, ऑफिसात इतर कुणालाही तो दाखवलेला नाही, असं त्यांनी बजावलं. आत्याने चष्मा लावला.

ते हंगामाआधी भाव उतरवणार.
ते दुकानदारांना जास्तीची सूट देणार.
ते लहान गावांत आधी पोहोचणार.
हे सगळं आपल्या नव्या कारखान्याच्या जोरावर.

"ही तू बनवलेली?" आत्याने भाचीला विचारलं.

भाचीने फोटो नीट वाचला आणि सांगितलं. बनवलेली तिनेच होती, नव्या गादीसाठी. चित्र तेच, रंग तेच. पण तिने बनवली तेव्हा प्रत्येक ओळीत 'आपण' होतं. आपण भाव उतरवणार, आपण सूट देणार. या ऑफिसात गिऱ्हाइकाला 'तुम्ही' म्हणायचं नाही, कायम 'आपण' म्हणायचं, हे नव्या सल्लागारांना पहिल्याच दिवशी शिकवतात. त्याने गिऱ्हाइकाला वाटतं की हे लोक आपल्याच बाजूचे आहेत. बिल आल्यावर ती भावना जाते, पण तोवर करार झालेला असतो.

मनुष्यबळाच्या बाईंनी मधेच सांगितलं की मजकुरात शिरू नका, प्रश्न स्लाइड कुणी मिसळली एवढाच आहे. आत्याने मान डोलावली आणि फोटो पुन्हा वाचला. विम्याच्या दिवसांत राखेत एखादा न जळलेला कागद सापडला, की तिचा चेहरा असाच मवाळ होत असे.

तिने विचारलं, की दोनचार माणसांशी बोलले तर चालेल ना. बाईंनी नियमावली चाळली. त्यात नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

४

तळघराच्या प्रमुख म्हणजे एक पोक्त बाई होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, बिस्किटं पुढे केली आणि दार लोटून घेतलं. पोरगी गुणी आहे, असं त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं. मग हेच वरच्यांना मोठ्या आवाजात का नाही सांगितलंत, असं आत्याने विचारल्यावर त्या बिस्किटांची बशी सरळ करत बसल्या. त्यांचं म्हणणं असं, की इथे माणसाला सांभाळून घेतात. त्यांच्या आजारपणात कंपनीने दवाखान्याचा सगळा खर्च उचलला होता. अशा जागेशी भांडायचं कसं? आत्याला राग आला, पण त्यात काकूंवरचा थोडा आणि त्या दवाखान्यावरचा जास्त होता. माणसाला बरं करून त्याची जीभ ठेवून घेण्याची ही सोय तिला विम्यातही दिसली नव्हती.

आत्याने विषय बदलला. एखादा शब्द सगळीकडे बदलायचा असला तर तुम्ही कसं करता? एकेक शोधून?

काकूंचा चेहरा पहिल्यांदा खुलला. मशीनला सांगितलं की ते एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द सगळीकडे घालतं, पण तळघरात त्याला सक्त बंदी आहे, असं त्यांनी सांगितलं. मागे एका सरकारी कामात सल्लागारांनी ऐनवेळी 'कर'च्या जागी 'शुल्क' हवं म्हणून हट्ट धरला. तळघरातल्या एका नव्या मुलाने मशीनला हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांसमोर पडद्यावर आलं, 'शासन हे काम लवशुल्क शुल्कणार.' करारांचे शुल्कार झाले होते. तेव्हापासून तळघरात प्रत्येक शब्द डोळ्यांनी वाचून हाताने बदलतात. सल्लागार मात्र अजून मशीनच वापरतात, त्यांना घाई असते.

काकू हसल्या. आत्याही हसली, आणि एक बिस्किट घेऊन बाहेर पडली.

टॉपर एका काचेच्या पेटीत बसला होता. मुलगा दिसायला गोड, बोलायला त्याहून. त्याने सांगितलं की सादरीकरणाची फाइल सकाळी तळघरातून आली, ती तशीच उघडली, आणि शेवटची स्लाइड त्याने वाचलेलीसुद्धा नव्हती. घाईत राहून गेलं. भाचीबद्दल त्याला फार वाईट वाटत होतं. सपोर्टच्या लोकांबद्दल त्याला कायमच आदर वाटत आला आहे. त्यांच्याशिवाय आपण काहीच नाही, असं तो प्रत्येक वार्षिक सभेत बोलतो.

"न वाचलेल्या स्लाइडवर तू बराच वेळ बोललास म्हणे."

त्यावर टॉपरने सांगितलं की समोर जे दिसेल त्यावर बोलता येणं हेच त्याचं कौशल्य आहे. आत्याला ते खरं वाटलं. पण दिसेल त्यावर बोलणारा माणूस शेवटच्या ओळीला अडखळला असता, आणि हा अडखळला नव्हता. त्याला काय बोलायचं ते घरूनच माहीत होतं.

तिने त्याला एकच सांगितलं, की बाळा, तू स्लाइड वाचली नव्हतीस हे मी लक्षात ठेवते. तूही ठेव.

टॉपरच्या चेहऱ्यावरचा गोडवा जागच्या जागी राहिला, पण हातातलं पेन खाली पडलं.

५

दुपारी खरी बैठक भरली. टेबलाच्या टोकाला ऑफिसचे प्रमुख बसले होते, ज्यांना सगळे थोरले म्हणत. शेजारी मनुष्यबळाच्या बाई, समोर टॉपर, आणि त्यांच्या मधे भागीदार. भागीदार हे जुन्या आणि नव्या, दोन्ही गाद्यांच्या टीमवर देखरेख ठेवत. भिंतीवरून दोन्हीकडे पाहता येईल असा उंच माणूस कुणीतरी हवा असतो, तो ते. जुन्या गादीसमोर ती स्लाइड दाखवली गेली त्या दिवशी ते दुसऱ्या शहरात, एका परिषदेत 'विश्वास हेच भांडवल' या विषयावर भाषण देत होते.

भागीदारांनी सुरुवातीलाच दुःख व्यक्त केलं. त्यांनी ती स्लाइड कधीच पाहिलेली नव्हती, ना आधी ना नंतर. दोन्ही गिऱ्हाइकांशी इमान राखायचं म्हणून ते तपशिलात मुद्दामच पाहत नाहीत. अध्यक्षांनी कुठल्याशा कारखान्याबद्दल विचारलं एवढं त्यांना फोनवर कळलं होतं. पण तळघरातल्या एका कर्मचाऱ्याने दोन गिऱ्हाइकांच्या मधे दलाली केली, हे स्पष्ट आहे. अशा लोकांना आपण घरच्यासारखं वागवतो आणि ते असं करतात.

भाची काही बोलायला गेली. भागीदारांनी तिच्याकडे न बघता हाताने थांबवलं. ते तिच्या नावाने तिला कधीच हाक मारत नसत, 'अगं ए, स्लाइड' म्हणत. आज तेवढंही म्हणाले नाहीत.

आत्याने चष्मा पुसला आणि थोड्या बावळट स्वरात बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली की साहेब, मी म्हातारी बाई, मला यातलं काही कळत नाही. पण मला तर ही साधी चूक वाटते. एका फाइलमधली स्लाइड दुसऱ्या फाइलमध्ये गेली. नव्या गादीची स्लाइड, तिच्यावर सरळ 'आपण भाव उतरवणार' असंच लिहिलेलं. कुणी चोरी करणारा असता, तर निदान ते 'आपण' तरी खोडलं असतं. म्हणजे हा नुसता गोंधळ आहे. आणि दोन टीमचे कागद एकमेकांत गेले तर तो दोष देखरेख ठेवणाऱ्याचा, पोरीचा कसा?

थोरल्यांनी भागीदारांकडे पाहिलं. ते पाहणं भागीदारांना आवडलं नाही.

"चुकून कसलं, मावशी," ते पुढे झुकून म्हणाले. "तिथे प्रत्येक 'आपण'चं 'ते' केलेलं आहे. एकही 'आपण' शिल्लक नाही. हे मुद्दाम केलंय. याला गोंधळ नाही म्हणत, याला बदमाशी म्हणतात."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता बावळट नव्हता. "बदमाशीच आहे. फक्त न पाहिलेल्या स्लाइडवर 'ते' आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

६

मनुष्यबळाच्या बाईंनी नकळत पाकिटावर हात ठेवला. फोटो त्यांच्यापाशीच होता.

भागीदार हसले. हसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते म्हणाले, की टॉपरने फोनवर सांगितलं असणार, आता नेमकं आठवत नाही. मग त्यांनी टॉपरकडे पाहिलं, बापाने मुलाकडे पाहावं तसं. टॉपरची बढती त्यांच्याच सहीने व्हायची होती.

टॉपरने समोरचे कागद नीट रचायला घेतले.

आत्याने त्याला घाई केली नाही. तोवर तिने थोरल्यांना सावकाश सांगितलं, लहान मुलाला आग कशी लागते ते सांगावं तसं. स्लाइड चुकून मिसळली असती तर पहिल्या तीनही ओळींत 'आपण' राहिलं असतं. ती कुणी चोरून विकली असती, तर गुपचूप विकली असती. विकत घेणाऱ्याच्या संचालक मंडळासमोर, सल्लागाराच्याच तोंडून, पडद्यावर नसती दाखवली. म्हणजे 'आपण'चं 'ते' करणाऱ्याला ती चोरी वाटू द्यायची नव्हती. अंदाज वाटू द्यायची होती. सल्लागारांची हुशारी वाटू द्यायची होती. आणि गिऱ्हाईक खूश झालं तर तळघराला फार तर केक मिळतो. फायदा ज्यांना होतो ते इथे या बाजूला बसले आहेत.

"आता शेवटची ओळ," ती म्हणाली. "'आपण'चं 'ते' झालं, पण 'आपल्या नव्या कारखान्याच्या'मधलं 'आपल्या' तसंच राहिलं. वाचून बदलणाऱ्याला ते दिसलं असतं. मशीनला दिसलं नाही, कारण मशीनला फक्त 'आपण' माहीत. 'आपल्या' हे त्याचंच पोर आहे हे त्याला कोण सांगणार? मशीनने सांगितलं की एकही शिल्लक नाही, आणि साहेबांनी विश्वास ठेवला. आत्तासुद्धा तेच म्हणाले, एकही शिल्लक नाही. ही स्लाइड डोळ्यांनी वाचलेला कुणीही तसं म्हणणार नाही."

भाचीने टेबलाखाली हात घट्ट धरून ठेवले होते. तिला एकदम शब्द सुचला. "तळघरात आम्ही तसं करतच नाही," ती म्हणाली. "'शुल्कणार' झाल्यापासून." थोरल्यांना ते आधी समजलं नाही. पण मंत्र्यांसमोर त्या दिवशी ते स्वतः उभे होते, त्यामुळे पाठोपाठ समजलं.

मग आत्या टॉपरकडे वळली. त्याला तिने फक्त त्याची परिस्थिती मांडून दाखवली. तू साहेबांना 'ते'बद्दल सांगितलं असशील, तर स्लाइड तू वाचली होतीस, सकाळी माझ्याशी खोटं बोललास, आणि जाणूनबुजून चोरीचा माल अंदाज म्हणून विकलास. तसं असेल तर चोर तू. सांगितलं नसशील, तर चोर दुसरा. आम्हाला दोन्ही चालेल.

टॉपर हुशार होता. अशा प्रश्नांचीच त्याला सवय होती, दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च वेगळा.

"मी काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "त्यांनीच मला सकाळी स्लाइड पाठवली. आपला अंदाज म्हणून मांड, म्हणाले. काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. नंतर म्हणाले, तळघरातून आली असं सांग. तिथे कोण विचारतंय."

सत्य असं बाहेर आलं, नफातोटा पाहून. त्यात भाचीचा विचार कुठेच नव्हता, आणि तिलाही ते ऐकू आलं. जुन्या गादीच्या कामातले कितीतरी तक्ते तिने या मुलासाठी सुट्टीच्या दिवशी घरी बसून केले होते. 'तिथे कोण विचारतंय' हे शब्द त्याने कुणाचे तरी म्हणून सांगितले, पण ते त्याच्या तोंडात परके वाटत नव्हते.

भागीदारांनी वकिलाशी बोलायची इच्छा व्यक्त केली आणि उठून गेले. जाताना त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली. संस्कार चांगले होते.

७

थोरल्यांनी मग आत्यासाठी कॉफी मागवली आणि भाचीसमोर एक तोडगा ठेवला. चौकशी बंद. ओळखपत्र परत. कागदावर लिहू, की 'सदर कर्मचाऱ्याविरुद्ध पुरावा आढळला नाही.' शिवाय आठवडाभर भरपगारी विश्रांती.

भाचीने ते वाक्य मनात फिरवून पाहिलं. वाक्यं फिरवून पाहणं हेच तिचं काम होतं.

"पुरावा आढळला नाही म्हणजे केलं असेल, पण सापडलं नाही," ती म्हणाली. "मला ते नको. मी केलं नाही, हे म्हणा. आणि कुणी केलं तेही म्हणा. बाहेर, सगळ्यांसमोर. ज्यांनी पहारेकऱ्यासोबत मला जाताना पाहिलं, त्या सगळ्यांसमोर."

थोरल्यांनी कायदेशीर अडचणी सांगितल्या. आत्याने आठवण करून दिली, की हे कुणी केलं याचं उत्तर जुन्या गादीचे अध्यक्षही मागत आहेत, आणि ते त्यांना ऑफिसकडून कळलं नाही, तर एखाद्या म्हाताऱ्या बाईकडून कळेल. थोरल्यांनी कॉफी अर्धी ठेवली.

त्या दुपारी कॉफीच्या मशीनपाशी सगळ्यांना गोळा केलं गेलं. थोरले उभे राहिले. वाक्य सुरू करायला त्यांना त्रास झाला, कारण त्यात 'परिस्थिती', 'प्रक्रिया' आणि 'शिकवण' हे शब्द वापरायची सोय नव्हती. तरी ते म्हणाले. या मुलीने काही केलेलं नाही. स्लाइड भागीदारांनी चोरली आणि दोष हिच्यावर टाकला. आम्ही न विचारता मान्य केला. काकूंनी तळघराच्या दारात उभ्या राहून ते ऐकलं आणि टाळी वाजवली. एकदाच. मग इकडेतिकडे पाहून हात मागे घेतले.

न्याय इथवर आला आणि दमला. भागीदारांना काढलं नाही. ते अभ्यासासाठी दीर्घ रजेवर गेले. टॉपरला सचोटी दाखवल्याबद्दल बढती मिळाली. जुन्या गादीचा खटला टळावा म्हणून पुढचं काम तिला सवलतीत देण्यात आलं, आणि खर्च वाढला म्हणून त्या वर्षी तळघरातल्या कुणालाही पगारवाढ झाली नाही.

लिफ्टपाशी आत्याचा संताप बाहेर पडला. राजीनामा फेक यांच्या तोंडावर, ती म्हणाली. दादाला मी समजावते. वहिनीलाही समजावते. अशा जागी एक दिवस राहू नकोस.

"मी काय केलंय म्हणून मी जाऊ?" भाची म्हणाली.

आयुष्यभर आत्याने मालकांच्या राखेतून फिरून निकाल दिले होते. पण जळालेल्या गोदामात दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला कोण उभं राहतं, हे पाहायला ती कधी थांबली नव्हती. तिने भाचीच्या पाठीवरून हात फिरवला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

भाची विश्रांती न घेता दुसऱ्याच दिवशी कामावर गेली. दहाच्या सुमारास वरून निरोप आला. भागीदार रजेवर जाताहेत, छोटासा समारंभ आहे, त्यांच्या निरोपाची एक सुंदर स्लाइड हवी. फोटो मोठा, हसरा. मागे सूर्योदय चालेल. दोन मिनिटांचं काम आहे.

काकूंनी श्वास रोखून तिच्याकडे पाहिलं. भाचीने फोटो घेतला, नीट कापला, मधोमध बसवला. मागे सूर्योदय टाकला. चांगला झाला होता सूर्योदय. मग तिने वर कळवलं, की स्लाइड तयार आहे. त्यांनी इथे काय केलं, ते दोन ओळींत लिहून पाठवा, म्हणजे लगेच घालते.

मजकूर अजून आलेला नाही.